सामायिक कार्यालयातील विद्यार्थी : व्यवस्थापनाची पहिली परीक्षा करारपत्रावर

पदवीचे शिक्षण घेत असतानाच उद्योग उभारू पाहणारा विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा उमेदवार आणि स्वतंत्र कार्यालयाचे भाडे न परवडणारा नवखा व्यावसायिक, या तिघांचा दिवस आज अनेकदा एकाच प्रकारच्या जागेत जातो. मासिक शुल्कावर टेबल, खुर्ची, वीज, इंटरनेट आणि वातानुकूलन पुरवणारे सामायिक कार्यालय, म्हणजेच को-वर्किंग केंद्र, हे या जागेचे एक रूप आहे. तासांच्या पाळ्यांवर चालणारी खासगी अभ्यासिका हे तिचे दुसरे रूप. पुण्याच्या पेठांपासून दिल्लीच्या राजेंद्र नगरापर्यंत आणि बंगळूरुच्या तंत्रज्ञान वसाहतींपासून इंदूर, नागपूरपर्यंत अशा जागांचे फलक जागोजागी दिसतात.

या जागांचा वापर वाढला. मात्र त्या वापरणाऱ्याचे कायद्याच्या दृष्टीने नेमके स्थान काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. तो भाडेकरू आहे की ग्राहक? अनामत रक्कम अडवली गेली, जागा अचानक बंद झाली किंवा ती असुरक्षित निघाली, तर त्याने दाद कोणाकडे मागायची? याचे उत्तर बऱ्याच अंशी प्रवेशाच्या दिवशी स्वाक्षरी केलेल्या कागदात दडलेले असते आणि तो कागद बहुतेकदा न वाचताच स्वाक्षरित होतो. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ‘व्यवस्थापन कौशल्ये’ हा विषय आता रुजला आहे. पण करार वाचणे, अनामतीचा हिशेब मांडणे आणि तक्रारीचा पुरावा जपणे ही व्यवस्थापनाचीच कौशल्ये आहेत, याचे भान त्यात अद्याप पुरेसे दिसत नाही.

शेअर बाजारात पोहोचलेला व्यवसाय

सामायिक कार्यालयांचा व्यवसाय आता हौशी प्रयोग राहिलेला नाही. ऑफिस ही या क्षेत्रातील कंपनी मे २०२४ मध्ये भारतीय शेअर बाजारात सूचिबद्ध झाली. तिच्यापाठोपाठ जुलै २०२५ मध्ये स्मार्टवर्क्स व इंडिक्यूब आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये वीवर्क इंडिया या कंपन्यांनी बाजारात प्रवेश केला. या मोठ्या कंपन्यांचा भर प्रामुख्याने बड्या कंपन्यांना एकरकमी आसने पुरवण्यावर आहे. विद्यार्थी आणि नवउद्योजक यांचा संबंध मात्र अधिककरून एखाद्या इमारतीचा मजला भाड्याने घेऊन त्याचे तुकडे पुढे देणाऱ्या लहान चालकांशी येतो. तेथे करार छोटा, पावती अनिश्चित आणि नियम तोंडी असण्याची शक्यता अधिक.

विद्यार्थ्यांना या जागांकडे नेणारी धोरणेही आहेत. जानेवारी २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ मोहीम सुरू झाली. त्यानंतर २०१९ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण आणले. या धोरणाने विद्यार्थ्यांना शिक्षण घेतानाच कंपनी सुरू करण्यास प्रोत्साहन दिले आणि संस्थेच्या परवानगीने संस्थेचाच पत्ता कंपनी नोंदणीसाठी वापरण्याची मुभाही सुचवली. जेथे महाविद्यालयात अशी सोय नाही, तेथील विद्यार्थी बाहेरच्या सामायिक कार्यालयाचा आधार घेतो.

भाडेकरू की ग्राहक?

सामायिक कार्यालयांच्या करारांना सहसा ‘सदस्यत्व करार’ किंवा ‘सेवा करार’ असे नाव दिलेले असते. भाडेकराराचा उल्लेख त्यात जाणीवपूर्वक टाळलेला असतो. त्यामागे जुना कायदेशीर भेद आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार परवाना म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत काही करण्याची केवळ अनुमती. तिच्यामुळे त्या मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. भाडेपट्टा मात्र जागेचा अनन्य उपभोग देतो. १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दस्तऐवजाच्या नावापेक्षा त्यातील आशय आणि उभय पक्षांचा हेतू महत्त्वाचा ठरतो.

पन्नास जणांच्या दालनातील एक टेबल, तेही रोज बदलणारे, हा जागेचा अनन्य उपभोग म्हणता येणे कठीण आहे. त्यामुळे असा सदस्य भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण सहज मागू शकत नाही. महाराष्ट्रात मात्र एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार जागेचा भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. कुलूपबंद स्वतंत्र खोली दीर्घ मुदतीसाठी घेणाऱ्या चमूने केवळ ‘सदस्यत्व’ या शब्दावर न थांबता आपला करार या कलमाखाली येतो का, हे तपासून घेणे हिताचे आहे.

याच ठिकाणी एक विसंगती सदस्याच्या उपयोगी पडते. आपण जागा भाड्याने देत नसून स्वागतकक्ष, इंटरनेट, स्वच्छता, वीज व बैठकीची खोली अशा सेवा पुरवत आहोत, असे चालक लिहून देतो. तसे असेल तर तो ‘सेवा पुरवठादार’ ठरतो आणि मोबदला देऊन सेवा घेणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कक्षेत येऊ शकते. भाडेकरूचे हक्क नाकारण्यासाठी योजलेली भाषा अशा रीतीने ग्राहकाच्या हक्काला बळ देते. पुढे वाद उद्भवल्यास चालकाला ‘आम्ही तर फक्त जागा दिली’ असा पवित्रा घेणे त्याच्याच कागदामुळे अवघड जाते.

‘वाणिज्यिक हेतू’चा अडसर

तथापि ग्राहक ठरण्याच्या वाटेत एक मोठा अडसर आहे. या अधिनियमाच्या कलम २(७) नुसार वाणिज्यिक हेतूने वस्तू वा सेवा घेणारी व्यक्ती ग्राहक ठरत नाही. केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू वा सेवा मात्र या अपवादातून वगळलेली आहे. १९९५ मधील लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ उलगडला होता. २०१९ च्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्ट प्रकरणात न्यायालयाने आणखी एक कसोटी पुढे ठेवली : व्यवहाराचा नफा मिळवण्याच्या कामाशी निकट व थेट संबंध आहे का, आणि त्यामागचा प्रमुख हेतू कोणता?

या कसोटीवर एकाच दालनात शेजारी बसलेल्या तीन व्यक्तींची स्थिती वेगवेगळी ठरते. परीक्षेच्या अभ्यासासाठी आसन घेणारा उमेदवार निर्विवादपणे ग्राहक आहे. त्याच्या व्यवहारात नफ्याचा प्रश्नच नाही. एकट्याने अनुवाद, रेखाटन किंवा संगणक प्रणालीची कामे करून पोट भरणारी व्यक्ती स्वयंरोजगाराच्या स्पष्टीकरणाचा आधार घेऊ शकते. तीन मित्रांनी खासगी मर्यादित कंपनी नोंदवून तिच्या नावे दहा आसने घेतली, तर मात्र त्यांच्या ग्राहकत्वाला आव्हान मिळण्याची शक्यता बळावते. कंपनी आहे म्हणून ती आपोआप बाद होत नाही, कारण २०१९ च्या अधिनियमातील ‘व्यक्ती’ या शब्दाच्या व्याख्येत कंपनीचाही समावेश आहे. परंतु हेतूची परीक्षा तिला द्यावी लागते.

या बाबतीत मे २०२४ मधील श्रीराम चिट्स विरुद्ध राघचंद असोसिएट्स हा निकाल तक्रारदारांना दिलासा देणारा आहे. सेवा वाणिज्यिक हेतूने घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार सेवा पुरवठादारावर राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. म्हणजे चालकाने नुसता आक्षेप घेऊन भागणार नाही. त्याला पुरावा द्यावा लागेल. तरीही करार कोणाच्या नावे करायचा, हा निर्णय कर आणि हिशेबापुरता मर्यादित नाही, हे नवउद्योजकाने ध्यानात घ्यायला हवे. त्या एका निर्णयावर पुढे ग्राहक आयोगाचे दार किती सहज उघडेल, हे अवलंबून असते.

विद्यापीठाच्या स्वतःच्या उष्मायन केंद्रात बसणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण निराळी आहे. महर्षी दयानंद विद्यापीठ विरुद्ध सुरजित कौर या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला सेवा पुरवठादार मानले नव्हते. शुल्क घेऊन टेबल देणे हे अध्यापनाचा भाग आहे की स्वतंत्र सेवा, असा वाद तेथे निर्माण होऊ शकतो. त्यामुळे अशा केंद्रांच्या नियमावलीतच तक्रार निवारणाची व्यवस्था असणे आवश्यक ठरते.

अनामत : अन्याय्य अट आणि दूरचे दार

या जागांतील वादाचा सर्वांत नाजूक विषय म्हणजे अनामत रक्कम. २०१९ च्या अधिनियमाने ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच कायद्यात आणली. उघडपणे अवाजवी अनामत मागणे, कराराच्या भंगासाठी झालेल्या नुकसानीच्या तुलनेत पूर्णतः विसंगत दंड लावणे, वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार राखणे आणि ग्राहकाला तोट्यात लोटणारे अवास्तव शुल्क वा अट लादणे, या बाबी कलम २(४६) मध्ये नमूद आहेत. सामायिक कार्यालयांच्या छापील अटींशी ही यादी ताडून पाहिली, तर अनेक ओळी परिचयाच्या वाटतील.

पण येथे कायद्याच्या रचनेतच एक अंतर राहून गेले आहे. अनुचित कराराविरुद्धची तक्रार ऐकण्याचा अधिकार राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोगाला आहे; जिल्हा आयोगाला नाही. अशी अट रद्दबातल ठरवण्याची तरतूद कलम ४९ व ५९ मध्ये, म्हणजे याच दोन आयोगांसाठी आहे. पाच हजार रुपयांच्या अनामतीसाठी अभ्यासिकेच्या चालकाशी भांडणाऱ्या विद्यार्थ्याने करारातील अटच अनुचित ठरवून मागायची म्हटली, तर त्याला राज्य आयोगापुढे जावे लागते. जिल्हा आयोगापुढे त्याला तक्रारीची मांडणी सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा अशी करावी लागते. ही वाट मोकळी आहे. पावती न देणे, सदोष सेवा थांबवून पावतीत नमूद मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत न करणे आणि विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती अन्यत्र उघड करणे यांचा समावेश अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत आहे. तरीही लहान रकमेच्या वादात अटीचाच न्याय जवळच्या दाराशी मिळू नये, ही या कायद्यातील उणीव होय.

मुदतीपूर्वी जागा सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे संपूर्ण शुल्क वसूल करण्याची अट, म्हणजेच ‘लॉक-इन’, ही दुसरी कळीची बाब. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम ठरलेली असली, तरी पीडित पक्षाला मिळते ती त्या मर्यादेतील वाजवी भरपाई. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, नुकसानच झाले नसेल तर आगाऊ रक्कम जप्त करणे समर्थनीय नाही, अशी भूमिका घेतली. सोडलेले टेबल पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याला दिले गेले असेल, तर चालकाचे नुकसान किती, हा प्रश्न सदस्याने लेखी विचारण्यासारखा आहे.

कागदावरचा हिशेब

या अटींचे आर्थिक वजन आकड्यांत मांडल्यावरच उमगते. उदाहरणादाखल, चार विद्यार्थ्यांच्या चमूने दरमहा ६,००० रुपये दराने चार आसने घेतली, तीन महिन्यांची अनामत भरली आणि सहा महिन्यांचे बंधन मान्य केले, असे समजू या. मूळ मासिक शुल्क २४,००० रुपये झाले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे ४,३२० रुपये धरता महिन्याचा खर्च २८,३२० रुपये होतो. अनामतीचे ७२,००० रुपये मिळवले, तर पहिल्याच दिवशी १,००,३२० रुपये हाती असावे लागतात. सहा महिन्यांची एकूण बांधिलकी, अनामत वगळून, १,६९,९२० रुपयांची ठरते.

चमू तिसऱ्या महिन्याअखेर विखुरला, तर उरलेल्या तीन महिन्यांचे मूळ शुल्क ७२,००० रुपये होते. म्हणजे अटीची अक्षरशः अंमलबजावणी झाली, तर संपूर्ण अनामत त्यात बुडते. ज्या चमूची वस्तू व सेवा कराखाली नोंदणी नाही, त्याला भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. तो त्याच्यासाठी निव्वळ खर्च ठरतो. चौघांपैकी करारावर स्वाक्षरी एकाचीच असेल, तर उत्तरदायित्वही प्रथमदर्शनी त्या एकाचेच राहते. आपापसातील वाटणीचा कागद त्यांनी केला नसेल, तर मैत्री आणि पैसा दोन्ही पणाला लागतात.

वयाचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते आणि तिने केलेला करार निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात ठरवून दिले आहे. बारावीनंतर लगेच शहरात आलेल्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडून दीर्घ मुदतीच्या अटींवर स्वाक्षरी घेणाऱ्या अभ्यासिकेने आणि ती करू देणाऱ्या पालकांनीही याचा विचार करायला हवा.

तळघरातील ग्रंथालयाने शिकवलेला धडा

या जागांतील प्रश्न केवळ पैशांचा नाही, याची दुःखद जाणीव २७ जुलै २०२४ रोजी देशाला झाली. दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगर भागात पावसाचे पाणी एका शिकवणी संस्थेच्या तळघरात शिरले आणि तेथील ग्रंथालयात अडकलेल्या तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. ते तळघर वाहनतळ आणि साठवणुकीसाठी मंजूर असताना तेथे ग्रंथालय चालवले जात होते, हे नंतर उघड झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही शिकवणी केंद्रांतील सुरक्षिततेची स्वतःहून दखल घेतली. त्याआधी वर्षभरापूर्वी, १५ जून २०२३ रोजी, दिल्लीच्याच मुखर्जी नगरात शिकवणी वर्गांच्या इमारतीला आग लागली असता विद्यार्थ्यांना खिडक्यांतून दोर व तारांच्या आधाराने खाली उतरावे लागले होते.

दोन्ही घटनांतील विद्यार्थ्यांनी शुल्क भरून ती जागा वापरली होती. मंजूर वापर कोणता, बाहेर पडण्याचे मार्ग किती, अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र आहे का, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना होता. तथापि ते विचारायचे असतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तपासणीची मूळ जबाबदारी महापालिका आणि चालकाची आहे. ती विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकता येणार नाही. जीवितास व मालमत्तेस घातक वस्तू व सेवांच्या विक्रीपासून संरक्षण हा २०१९ च्या अधिनियमाने मान्य केलेला ग्राहकाचा पहिला हक्क आहे. सुरक्षित जागा हा त्या सेवेचाच भाग मानला, तर मंजुरीपत्रे दर्शनी भागात लावण्याची मागणी कायद्याच्या चौकटीतच बसते.

चालकच बंद पडला तर

सामायिक कार्यालयाचा चालक बहुधा जागेचा मालक नसतो. तो मूळ मालकाकडून दीर्घ मुदतीने जागा घेतो आणि अल्प मुदतीने पुढे देतो. मागणी घटली, तरी त्याचे भाडे चालूच राहते. अमेरिकेतील वीवर्क कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, त्यामागे अशाच दीर्घकालीन भाड्यांचा बोजा हे प्रमुख कारण होते. भारतातील तिची शाखा स्वतंत्र व्यवस्थापनाखाली असल्याने येथील कामकाजावर त्याचा परिणाम झाला नाही.

लहान चालकाच्या बाबतीत मात्र मूळ मालकाने टाळे लावले, तर सदस्याचे संगणक आत आणि अनामत चालकाकडे, अशी अवस्था होऊ शकते. चालक कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, तर नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खालील स्थगितीमुळे तिच्याविरुद्धच्या वसुलीच्या कार्यवाही थांबतात. घरखरेदीदारांना २०१८ मध्ये वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला; सामायिक कार्यालयाच्या सदस्यांना तसे विशेष स्थान नाही. म्हणूनच चालक आणि मूळ मालक यांच्यातील कराराची मुदत किती उरली आहे, हे स्वाक्षरीपूर्वी विचारणे व्यवहार्य शहाणपणाचे ठरते.

पत्त्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२ नुसार स्थापनेपासून ३० दिवसांत कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय असणे बंधनकारक असून तेथे पत्रव्यवहार स्वीकारण्याची व्यवस्था असावी लागते. कंपनी निबंधक त्या जागेची प्रत्यक्ष पडताळणीही करू शकतात. केवळ पत्ता पुरवणारी ‘आभासी कार्यालये’ स्वस्त असली, तरी चालकाने टपाल पुढे पाठवलेच नाही, तर कर विभागाची नोटीस वेळेत हाती पडत नाही आणि तिचे परिणाम नवउद्योजकाला भोगावे लागतात.

आसनाची नोंदणी ऑनलाइन करतानाही सावधगिरी हवी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक सूचना अधिसूचित करून फसव्या रचनांचे १३ प्रकार नमूद केले. खोटी घाई निर्माण करणे, शेवटच्या टप्प्यावर छुपे शुल्क जोडणे आणि सदस्यत्व रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवणे हे त्यांपैकीच. ओळखपत्रांच्या प्रती आणि चेहऱ्याच्या नोंदी गोळा करणाऱ्या केंद्रांनी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चीही दखल घ्यायला हवी.

अभ्यासक्रमात काय हवे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवी स्तरासाठी ‘जीवन कौशल’ अभ्यासक्रम तयार केला. त्यात संवाद, व्यावसायिक कौशल्ये व मानवी मूल्ये यांच्या जोडीने नेतृत्व आणि व्यवस्थापन कौशल्यांचा स्वतंत्र घटक आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए आणि बीएमएस हे अभ्यासक्रमही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. म्हणजे नवा आशय घालण्यासाठी चौकट उपलब्ध आहे; गरज आहे ती त्यात प्रत्यक्ष व्यवहाराला स्थान देण्याची.

सदस्यत्वाच्या एखाद्या नमुना कराराचे वाचन हा त्यातील पाठ होऊ शकतो. त्यातून विद्यार्थी पाच गोष्टी शिकेल. कराराची एकूण बांधिलकी किती, हे तो रुपयांत मांडेल. बाहेर पडण्याची अट प्रवेशाच्या अटीआधी वाचेल. तोंडी आश्वासन ईमेलवर लिहून घेईल. जागा ताब्यात घेताना व सोडताना तिची छायाचित्रे आणि दिनांकित यादी ठेवेल. चमूतील प्रत्येकाचा वाटा व जबाबदारी आधीच कागदावर आणेल. वेळेचे नियोजन, वाटाघाटी, जोखमीचे मूल्यमापन आणि नोंदी ठेवणे या पुस्तकी प्रकरणांचे उपयोजन याहून वेगळे नाही.

तक्रारीची पद्धत हाही या शिक्षणाचाच भाग असावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंत तेथे शुल्क लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगातही ती दाखल होऊ शकते. त्यामुळे दिल्लीतील अभ्यासिकेविरुद्ध लातूरला परतलेला विद्यार्थी आपल्याच जिल्ह्यात दाद मागू शकतो. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ संकेतस्थळावर ऑनलाइन दाखल करण्याची सोयही आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते.

करारात लवादाचे कलम आहे, म्हणून आयोगाचे दार बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आहे. एकाच चालकाविरुद्ध अनेकांची समान तक्रार असल्यास कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रारही करता येते. तीत सर्वांचे हितसंबंध समान असल्याचे नेमकेपणाने मांडावे लागते.

धोरणकर्त्यांपुढील प्रश्न

जागरूक विद्यार्थी हा या प्रश्नावरचा अर्धाच उपाय आहे. उरलेला अर्धा भाग शासनाच्या हाती आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या आणि अनिवासी जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामतीची कमाल मर्यादा सुचवली आहे. तो कायदा राज्यांनी स्वीकारल्यावरच लागू होतो, शिवाय त्याची रचना भाडेकराराभोवती आहे. टेबलामागे शुल्क घेणाऱ्या परवानापद्धतीच्या जागांसाठी अशी मर्यादा कोठेच नाही.

लहान रकमेच्या अनुचित करारांविरुद्धच्या तक्रारी जिल्हा आयोगाला ऐकू देण्यासाठी अधिनियमात दुरुस्ती करणे, केंद्रीय प्राधिकरणाने सामायिक कार्यालये व अभ्यासिकांसाठी नमुना करार प्रसिद्ध करणे आणि महापालिकांनी मंजूर वापर, आसनक्षमता व अग्निसुरक्षा प्रमाणपत्र प्रवेशद्वारी लावणे सक्तीचे करणे, हे तीन उपाय तातडीने विचारात घेण्यासारखे आहेत. प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा एका विशिष्ट क्षेत्रासाठी स्वतंत्र नियम करता येतात, हे दिसून आले. विद्यार्थी जेथे शिकवणीनंतरचे आठ-दहा तास घालवतो, त्या जागेला मात्र तसे नियम अजून लाभलेले नाहीत.

चालकांच्या दृष्टीनेही स्पष्ट नियम तोट्याचे नाहीत. वेळेवर अनामत परत करणाऱ्या आणि सुरक्षिततेवर खर्च करणाऱ्या केंद्राला आज नियम धाब्यावर बसवणाऱ्या स्वस्त केंद्राशी किमतीची स्पर्धा करावी लागते. समान नियमांमुळे ही स्पर्धा न्याय्य होईल. उद्योजक घडवण्याचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या धोरणाने त्या उद्योजकाची पहिली जागा, पहिला करार आणि पहिली अनामत यांचाही विचार करणे अपेक्षित आहे.